गोदीतील स्फोट आणि उष्णतेचा हिशेब

मुंबईच्या गोदीतील स्फोटाचा विषय निघाला की कोणी सोन्याच्या विटांच्या गोष्टी सांगतो, तर कोणी शत्रूच्या हेरांवर संशय घेतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जहाजातील मालाची मांडणी. 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या व वंगणाच्या तेलाची पिंपे भरण्यात आली. दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात खाली कापूस, वर दारूगोळा!

दाबून बांधलेल्या गासडीच्या पोटात हवा कोंडलेली असते, म्हणून आग आत धुमसत राहते. जवसाच्या तेलाने भिजलेला कापूस तर ठिणगीवाचूनही, प्राणवायूशी संयोग पावून, आपोआप तापू लागतो. उष्णतामान चढले की अशा क्रियेचा वेग झपाट्याने वाढतो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. खाडीपलीकडे, आजच्या नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रसायने साठविणाऱ्यांनाही याच हिशेबाने चालावे लागते.

ता. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी बंबवाल्यांनी जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले. धुरामुळे आगीचे मूळ सापडेना, आणि ओतलेले पाणीच उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी झालेल्या स्फोटाचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अग्निशामक दलाचे साठाहून अधिक लोक त्या दिवशी कामी आले. धोकादायक माल असल्याचे सुचविणारे तांबडे निशाण त्या जहाजावर लावलेलेच नव्हते.