बी.ए.च्या अभ्यासक्रमातील मराठी: मुंबई विद्यापीठाची पहिली ऐंशी वर्षे

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी अमलात आला तेव्हा त्या विद्यापीठात एकही वर्ग भरत नव्हता, आणि पुढे कित्येक दशके शिकवणे हे त्याचे काम मानले गेले नाही. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवला होता. त्यानुसार अध्यापन संलग्न कॉलेजांनी करायचे, आणि विद्यापीठाने नियम ठरवून परीक्षा घ्यायची व पदवी द्यायची, अशी वाटणी झाली. त्यामुळे बी.ए.चा अभ्यासक्रम म्हणजे व्यवहारात परीक्षेच्या विषयांची आणि नेमलेल्या पुस्तकांची यादी असे, आणि जे यादीत नाही ते वर्गात टिकत नसे. ही यादी ठरवण्याचा अंतिम अधिकार सिनेटकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या फेलोंच्या सभेकडे होता, आणि आरंभीच्या काळात त्या सभेवर इंग्रज अधिकाऱ्यांचा व प्राध्यापकांचा पगडा होता. मराठी भाषेला पदवीच्या शिक्षणात जागा मिळाली, गेली आणि परत मिळवावी लागली, तो सारा इतिहास या व्यवस्थेच्या चौकटीत घडला.

विद्यापीठापूर्वीची परिस्थिती याहून मोकळी होती. पुण्यात १८२१ मध्ये पेशव्यांच्या दक्षिणेच्या, म्हणजे विद्वानांना द्यायच्या देणगीच्या, निधीतून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचेच रूपांतर होत होत पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान शिकवीत होता. दक्षिणेच्या रकमेतला काही भाग मराठी ग्रंथरचनेसाठी खर्च व्हावा, अशी मागणी पुण्यातील सुधारकांनी १८४९ मध्ये केली आणि थोड्याच काळात मराठी पुस्तकांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा दादोबा पांडुरंगांचे व्याकरण छापून दोन दशके झाली होती, परशुरामपंत गोडबोल्यांचा ‘नवनीत’ हा जुन्या कवितेचा संग्रह १८५४ पासून हाताशी होता, आणि मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती व बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी तर १८५७ सालीच प्रसिद्ध झाली. एखादी भाषा शिकवण्यासाठी व्याकरण, कोश आणि निवडक वाङ्मय ही जी किमान साधने लागतात, ती मराठीजवळ होती.

पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे १८६२ मध्ये बी.ए. झाले. त्या काळच्या ‘कला’ या शब्दाचा पल्ला आजच्यापेक्षा बराच मोठा होता, कारण इंग्रजी, दुसरी एक भाषा, इतिहास, तर्कशास्त्र व नीतिशास्त्र यांच्या जोडीला गणित आणि पदार्थविज्ञान हेही बी.ए.चेच विषय होते. विज्ञानाची स्वतंत्र पदवी सुमारे दोन दशकांनी आली, आणि त्यानंतरही गणित कलाशाखेतून गेले नाही; टिळक आणि गोखले दोघेही गणित घेऊन बी.ए. झाले. या विस्ताराचे मोल कमी लेखता येत नाही. गोखल्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे आणि टिळकांनी ‘ओरायन’मध्ये ज्योतिर्गणिताच्या आधारे वेदकाळाविषयी केलेले विवेचन, या दोहोंच्या मागे ही एकत्र शिकवण होती, असे मानायला जागा आहे.

आरंभीच्या नियमांत दुसरी भाषा म्हणून संस्कृत, ग्रीक, लॅटिन, अरबी, फारसी यांच्याबरोबर मराठी, गुजराती, कन्नड या देशी भाषाही घेता येत असत. ही मुभा फार काळ टिकली नाही. १८६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा, म्हणजे प्राचीन आणि प्रतिष्ठित वाङ्मय असलेली भाषा, घेणे आवश्यक झाले. या मताचे मोठे पुरस्कर्ते एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सर अलेक्झांडर ग्रँट हे होते. ग्रँट हे ऑक्सफर्डच्या परंपरेत वाढलेले, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. ग्रीक–लॅटिनने इंग्रज मुलाच्या बुद्धीला जी शिस्त लागते तीच संस्कृतने हिंदू मुलाच्या बुद्धीला लागेल, देशी भाषांत अभ्यासाला पुरेल एवढे वाङ्मय नाही आणि त्या घरच्याच असल्याने परीक्षेत सोप्या पडतात, अशी या पक्षाची भूमिका होती. संस्कृतविषयीचा त्यातला आदर खरा होता. मात्र इंग्लंडात ग्रीक–लॅटिन शिकणाऱ्या मुलाचे उरलेले सर्व शिक्षण इंग्रजीतून म्हणजे स्वभाषेतून होत होते, आणि मुंबई इलाख्यातील मुलाचे तसे होत नव्हते, हा मूलभूत फरक त्या विचारात धरला गेला नाही.

या निर्णयाने संस्कृतच्या अध्ययनाला जी चालना दिली तिचे फळ मात्र उत्तम आले, हे नोंदवलेच पाहिजे. भांडारकरांनी शाळेत मुख्याध्यापकी करीत असताना ‘मार्गोपदेशिका’ हे संस्कृतचे पहिले पुस्तक १८६४ मध्ये सिद्ध केले आणि पाठोपाठ दुसरेही लिहिले. जॉर्ज ब्यूलर आणि फ्रांत्स कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ सुरू करून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पंचतंत्रासारख्या ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या पुरवल्या, आणि वामन शिवराम आपट्यांचे वाक्यरचनेवरील पुस्तक व कोश हे त्याच गरजेतून जन्मले. भांडारकरांच्या पहिल्या पुस्तकाची मांडणी बारकाईने पाहिली तर त्या काळच्या शिक्षणाची सारी घडण तिच्यात दिसते. प्रत्येक पाठात आधी नियम, मग इंग्रजीत करायच्या भाषांतरासाठी संस्कृत वाक्ये, मग संस्कृतात करायच्या भाषांतरासाठी इंग्रजी वाक्ये, आणि त्यांसाठी लागणारे शब्द, असा क्रम आहे. ज्या विभक्ती आणि जे शेकडो तत्सम शब्द मराठी मुलाच्या कानावर लहानपणापासून पडलेले असत, तेही त्याने इंग्रजीच्या वाटेने जाऊन शिकायचे होते. पुस्तकाची रचना इतकी नेटकी आहे की पिढ्यान्‌पिढ्या ते शाळांत चालले. मराठीला त्या वाटेवर मुक्काम नव्हता, हा दोष पुस्तककर्त्याचा नसून परीक्षेच्या नियमाचा होता.

वर्गाबाहेर राहिलेल्या मराठीचा अभ्यास पदवीधरांनी स्वतःच्या हिमतीवर केला. डेक्कन कॉलेजातून १८७२ मध्ये बी.ए. झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. जॉन्सन व मेकॉले वाचून तयार झालेली त्यांची शैली मराठी गद्याला वळण देणारी ठरली, पण ते वळण देण्याचे शिक्षण कोणत्याही कॉलेजने मराठीतून दिलेले नव्हते. विनायक लक्ष्मण भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास विद्यापीठाच्या आश्रयाशिवाय रचला, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये लोकांच्या प्रयत्नातून उभे राहिले. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागदपत्रे व हस्तलिखिते जमवली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. विद्यापीठाने जे काम करायला हवे होते ते व्यक्तींनी आणि वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांनी केले. त्यामुळे मराठी संशोधनाला स्वाभिमान मिळाला, तसेच दारिद्र्यही वाट्याला आले, आणि शिस्तबद्ध शिष्यपरंपरा तयार व्हायला फार उशीर झाला.

मराठीला परत आणण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न पहिल्या चार पदवीधरांपैकी एकाने, रानड्यांनी केला. देशी भाषांत वाङ्मय नाही या आक्षेपाला त्यांनी १८९८ मधील मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील टिपणात उत्तर दिले, आणि ते भावनेच्या भरात न देता ग्रंथांच्या मोजदादीने दिले. १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची यादी खुद्द ग्रँट यांनीच शिक्षणखात्याचे संचालक असताना तयार करून ठेवली होती. तीन दशकांत ती संख्या किती पटींनी वाढली आणि कोणकोणत्या विषयांत वाढली, हे रानड्यांना सरकारदरबारच्या नोंदींवरूनच दाखवता आले. सिनेटमध्ये विरोध जुनाच होता, आणि त्यात संस्कृतचे अभिमानी हिंदी सभासदही होते. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले आणि त्याच वर्षी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. शिखरावर मराठी आली तरी पायऱ्यांवर ती नव्हती, कारण बी.ए.ला तिचा पूर्ण विषय होण्यास आणखी बराच काळ गेला.

इंग्रजी आधी आणि मातृभाषा नंतर, हा क्रम उलटून दाखवण्याचे धाडस धोंडो केशव कर्व्यांनी केले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठात सर्व विषय मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय म्हणून, अशी रचना होती. आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र यांनाही पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान होते. त्या विद्यापीठाची पदवी बी.ए. नव्हती, तर ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने शास्त्र आत्मसात केले आहे अशी स्त्री. पुढची पदवी ‘प्रदेयागमा’ होती. स्त्रियांच्या गरजा वेगळ्या मानून आखलेल्या अभ्यासक्रमावर तेव्हाही आक्षेप आले आणि ते निराधार नव्हते. पण तर्कशास्त्र व इतिहास पदवीच्या पातळीवर मराठीतून शिकवता येतात हे महाराष्ट्रात या विद्यापीठाने सिद्ध केले. सरकारची कायदेशीर मान्यता त्याला १९५१ मध्ये मिळाली.

विसाव्या शतकात कॉलेजांमध्ये मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा शिकवणारे आणायचे कोठून, हा प्रश्न होता, कारण मराठी घेऊन पदवीधर झालेले अध्यापक जवळजवळ नव्हतेच. हे काम मुख्यतः संस्कृत व इंग्रजी शिकलेल्यांनी अंगावर घेतले आणि आपापली हत्यारे सोबत आणली. रा. श्री. जोगांचा ‘अभिनव काव्यप्रकाश’ १९३० मध्ये आला. त्याच्या नावातच ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाचे स्मरण आहे, आणि रस, अलंकार, ध्वनी या संस्कृत काव्यशास्त्राच्या संकल्पनांची पाश्चात्त्य टीकाविचाराशी सांगड घालून मराठी कविता वाचण्याची जी रीत त्यात आहे, ती पुढे अनेक वर्षे बी.ए.च्या वर्गांत रूढ राहिली. ओवी, अभंग, लावणी यांचे स्वतःचे शास्त्र असू शकते, या विचाराला त्या चौकटीत अपुरी जागा होती. ती उणीव भरून काढणारा मोठा ग्रंथ ‘छंदोरचना’ होय. त्यात मराठी पद्याच्या सर्व प्रकारांची लयतत्त्वावर तपासणी केलेली आहे. मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये या ग्रंथासाठी मराठीतील पहिली डी.लिट. दिली, आणि ती ज्यांना मिळाली ते माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, स्वतः विद्यापीठाच्या परीक्षा इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेले होते.