कोळशाचे पेट्रोल आणि वर्णभेदी राजवट

#इतिहास #धागा

१/८
दक्षिण आफ्रिकेच्या भूमीत सोने होते, हिरे होते, कोळसा तर अमाप होता. नव्हते ते खनिज तेल. तरीही जगाने तेलाची कोंडी केल्यावर तेथील वर्णभेदी राजवट कोलमडली नाही. याची दोन कारणे होती : चढ्या भावाने गुपचूप विकत घेतलेले तेल आणि कोळशापासून बनवलेले पेट्रोल. हा धागा दुसऱ्या कारणाचा.

२/८
कोळसा मोकळ्या हवेत जाळला की उष्णता मिळते. मात्र बंदिस्त पात्रात मोजका ऑक्सिजन आणि भरपूर वाफ सोडली, तर हजार अंशांच्या आसपासच्या तापमानात त्याचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन या वायूंत रूपांतर होते. यालाच कोळशाचे वायूकरण म्हणतात.

३/८
जर्मनीच्या लुर्गी कंपनीने या क्रियेला दाबाची जोड दिली. वरून कोळशाचे तुकडे, खालून ऑक्सिजन व वाफ, आणि आत हवेच्या दाबाच्या वीस-तीस पट दाब. त्यामुळे लहान पात्रातून अधिक वायू मिळू लागला. १९३६ मध्ये सॅक्सनीतील हिर्शफेल्डे येथे अशी पहिली व्यापारी भट्टी सुरू झाली. तेव्हा उद्देश साधा होता : शहरांना जळणाचा वायू पुरवणे.

४/८
याच वायूपासून द्रवरूप इंधन करण्याची युक्ती फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात म्युल्हाइम येथे शोधली होती. वायू शुद्ध करून लोह वा कोबाल्टसारख्या उत्प्रेरकावरून न्यायचा, की हायड्रोकार्बन तयार होतात. नाझी जर्मनीने हे तंत्र युद्धासाठी राबवले. परंतु तेथील बहुतेक कारखान्यांना लागणारा वायू जुन्याच पद्धतीने, कोकपासून तयार होत असे.

५/८
लुर्गीची भट्टी आणि फिशर-ट्रॉप्श यांचे तंत्र यांची मोठ्या प्रमाणावर सांगड घातली गेली ती दक्षिण आफ्रिकेत. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९५० मध्ये सरकारी पाठबळाने ‘सासोल’ कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये सासोलबर्ग येथे कोळशापासून पेट्रोल निघू लागले. तेथील कोळसा राखट व हलक्या प्रतीचा होता. लुर्गीच्या भट्टीला तो चालत असे.

६/८
पुढची सुमारे दोन दशके दुसरा कारखाना उभा राहिला नाही, कारण बाजारातील तेल स्वस्त होते. १९७३ मध्ये अरब देशांनी दक्षिण आफ्रिकेचा तेलपुरवठा रोखला आणि दुसऱ्या कारखान्याचा निर्णय झाला. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणनेही तेल बंद केले. लगोलग तिसऱ्याची घोषणा झाली. सेकुंडा हे नवे शहरच त्यासाठी वसवले गेले. हिशेब आता नफ्या-तोट्याचा नव्हता, सत्ता टिकवण्याचा होता.

७/८
विरोधकांनीही हे मर्म ओळखले होते. १ जून १९८० च्या रात्री आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ‘उमखोंतो वे सिझ्वे’ या सशस्त्र शाखेने सासोलबर्ग आणि सेकुंडा येथे स्फोट घडवले. सासोलबर्गमध्ये इंधनाच्या टाक्या पेटल्या. कारखाने बंद पडले नाहीत. पण राजवटीचा अभेद्यपणाचा दावा त्या ज्वाळांत उघडा पडला. ज्या कोळशावर ही स्वयंपूर्णता उभी होती, तो खणणाऱ्या बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगारांना मताचा अधिकारही नव्हता.

८/८
१९९४ मध्ये राजवट बदलली, भट्ट्या मात्र विझल्या नाहीत. सेकुंडाचा कारखाना आजही पेट्रोल देतो आणि हरितगृह वायू सोडणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या ठिकाणांत गणला जातो. ‘स्वयंपूर्णता’ हा शब्द इतिहासात भेटला, की दोन प्रश्न विचारावेत : ती कोणासाठी होती, आणि तिची किंमत कोणी मोजली?