मुख्यमंत्री, मतदार आणि राहून गेलेला निवाडा

लातूरहून नांदेडकडे जाणारा रस्ता चाकूरवरून पुढे अहमदपूर आणि लोहा ओलांडून गोदाकाठी पोहोचतो. या एका रस्त्याच्या दोन टोकांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : नांदेडचे शंकरराव चव्हाण, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर, बाभळगावचे विलासराव देशमुख आणि पुन्हा नांदेडचेच अशोकराव चव्हाण. मधल्या चाकूरने शिवराज पाटील यांच्या रूपाने देशाला लोकसभेचे अध्यक्ष आणि पुढे गृहमंत्री दिले. मराठवाड्याच्या मागासलेपणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. सत्तेच्या बाबतीत मात्र हा टापू मागे राहिलेला नाही. म्हणूनच सत्ताधाऱ्यावर ठपका आला म्हणजे त्याचा निवाडा कोणी करावयाचा, हा प्रश्न इथल्या माणसाला परका नाही. गेल्या चार दशकांच्या इतिहासात त्याचे काय उत्तर मिळते, ते येथे पाहण्याचा आमचा विचार आहे.

अमेरिकेत हा प्रश्न निदान कागदावर तरी सोपा आहे. तेथे राज्याचा गव्हर्नर थेट जनतेच्या मतांनी निवडून येतो आणि राज्यकारभार तोच चालवितो. लुइझियाना राज्याचे गव्हर्नर एडविन एडवर्ड्स यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालला. १९८६ साली ते निर्दोष सुटले आणि १९८७ मध्ये पुन्हा उमेदवार म्हणून उभे राहिले. न्यायालयाने सोडले तरी मतदारांनी सोडले नाही. पहिल्याच फेरीत ते दुसऱ्या क्रमांकावर घसरले आणि त्यांनी माघार घेतली. चारच वर्षांनी, १९९१ साली, त्यांच्यासमोर वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन संघटनेचा एक माजी पुढारी उभा राहिला, तेव्हा त्याच मतदारांनी एडवर्ड्स यांना पुन्हा निवडून दिले. पुढे २००० साली दुसऱ्या एका खटल्यात ते दोषी ठरले व तुरुंगात गेले. लोकांचा निवाडा अचूक असतोच असे नाही, परंतु तेथे प्रश्न सरळ लोकांपुढे येतो, हे यावरून दिसते.

आपली घटना निराळी आहे. आपले राज्यपाल निवडून येत नाहीत; राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. खरा कारभार मुख्यमंत्र्यांकडे असतो आणि ते विधानसभेतील बहुमतावर उभे असतात. अवघ्या राज्याचा मतदार मुख्यमंत्र्यांना मत देत नाही. देतो तो केवळ त्यांच्या एका मतदारसंघाचा मतदार. या रचनेत पुष्कळ शहाणपण आहे, पण एक फटही आहे, आणि आमचा विषय त्या फटीशी निगडित आहे.

जून १९८५ मध्ये शिवाजीराव निलंगेकर मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेस त्यांची कन्या बसली होती. निकालपत्रकातील गुणांत फेरफार झाल्याची तक्रार घेऊन एक परीक्षार्थी डॉक्टर उच्च न्यायालयात गेले. मार्च १९८६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. त्यात मुख्यमंत्र्यांवर कडक ताशेरे होते. निलंगेकरांनी राजीनामा दिला. पुढे अपिलात खंडपीठाने मुख्यमंत्र्यांविरुद्ध थेट पुरावा नसल्याचे सांगितले. तथापि गुण बदलले गेल्याचा निष्कर्ष आणि प्रतिकूल शेरे टिकले. १९८६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. खुर्ची मात्र मार्चमध्येच लातूर जिल्ह्यातून नांदेडला गेली. शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या सबंध प्रकरणात न्यायालय बोलले, दिल्लीतील पक्षश्रेष्ठी बोलले, वृत्तपत्रे बोलली. बोलला नाही तो मतदार. चार वर्षांपूर्वी, जानेवारी १९८२ मध्ये, बॅरिस्टर अंतुले यांच्या वेळी असेच घडले होते. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानासाठी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांची सांगड घातल्याचा ठपका न्यायमूर्ती लेंटिन यांनी ठेवला आणि मुख्यमंत्री गेले. १९९९ च्या जानेवारीअखेर पुण्यातील एका भूखंडाच्या प्रकरणानंतर मनोहर जोशी यांना पद सोडावे लागले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईच्या आदर्श सोसायटीत नातेवाइकांच्या नावे सदनिका असल्याच्या आरोपानंतर अशोकराव चव्हाण गेले. चौघांपैकी एकालाही मुख्यमंत्री या नात्याने, तो आरोप अंगावर घेऊन राज्यापुढे मत मागावे लागले नाही. पुढची विधानसभेची निवडणूक प्रत्येक वेळी दुसऱ्याच मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली झाली. जुना हिशेब तोवर शिळा झालेला होता.

मग मतदारापुढे हे नेते गेलेच नाहीत काय? गेले, पण आपल्या गावच्या मतदारापुढे, आणि आपले माणूस म्हणून. अंतुले १९८९ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले. निलंगेकर पुन्हा निलंग्याचे आमदार झाले आणि २००३ साली सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही. २०१४ साली देशभर काँग्रेसचा दारुण पराभव झाला. महाराष्ट्रात त्या पक्षाला अवघ्या दोन जागा मिळाल्या, हिंगोली आणि नांदेड. नांदेडचे विजयी उमेदवार अशोकराव चव्हाण होते. आपल्या भागात ज्याने कालवा आणला, महाविद्यालय काढले, मुलाला नोकरीस लावले, त्याच्याविषयी मुंबईत काय बोलले जाते याचे गावाला फारसे सोयरसुतक नसते. हे केवळ अडाणीपणाचे लक्षण आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलखाने निजामी राजवटीपासून उपेक्षा सोसली, त्याला मुंबईत आपला एक माणूस असणे ही मोठी गोष्ट वाटते. पण त्यामुळे राज्याचा प्रश्न राज्यापुढे येत नाही आणि गावापुढे आलेला प्रश्न निराळाच असतो. आम्ही म्हणतो ती फट हीच.

या नियमाला १९९५ सालचा एक ठळक अपवाद आहे. मार्च १९९३ पासून शरद पवार मुख्यमंत्री होते आणि तेच पुन्हा मत मागत होते. विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे यांनी राजकारण आणि गुन्हेगारी यांच्या संबंधांचा प्रश्न गावोगाव नेला होता. मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी मुख्यमंत्र्यांवर जाहीर आरोप केले. ते न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, परंतु सभांना अलोट गर्दी लोटली. नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली. दुसरीकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच सरकारने केलेल्या मदतकार्याची प्रशंसाही झाली होती. मतदार हे सर्व पाहत होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले. २८८ जागांच्या सभागृहात १९९० साली १४१ जागा मिळविणारी काँग्रेस ८० वर आली. शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या, तर ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतील पुष्कळ काँग्रेसचेच बंडखोर होते. तेव्हा हा निकाल एका आरोपाचा निकाल होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बंडखोरीचाही त्यात वाटा होता.

तरीही आमच्या जिल्ह्याने त्या वर्षी जे केले ते विसरता येत नाही. लातुरात विलासराव देशमुख यांच्यासारखा मंत्री जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकर यांच्याकडून पराभूत झाला. निलंग्यात माजी मुख्यमंत्री निलंगेकर यांनाही तोच पक्ष भारी पडला. आपला माणूस म्हणून कोणाचीही गय झाली नाही. विलासरावांनी त्या पराभवापासून बोध घेतला, मतदारसंघ पुन्हा पालथा घातला आणि १९९९ साली ते निवडून आले, ते थेट मुख्यमंत्री होण्यासाठीच. निलंग्याने तर पुढे आणखी नवल दाखविले : २००४ साली नातवाने आजोबांना हरविले आणि २००९ साली आजोबांनी नातवाला.

यावरून आम्हांस जे दिसते ते असे. न्यायालय पुराव्याचा निवाडा करते. पुरावा अपुरा असेल तर संशयिताला सोडणे त्याचे कर्तव्यच आहे. आदर्श प्रकरणी खटला चालविण्यास राज्यपालांनी दिलेली मंजुरी २०१७ साली उच्च न्यायालयाने रद्द केली, तीही याच कसोटीवर. पक्ष सोयीचा निवाडा करतो. ओझे झालेला माणूस उतरवितो आणि गरज पडली की पुन्हा चढवितो. अशोकरावांसाठी २०२४ साली पक्षच बदलला आणि राज्यसभेची वाट मोकळी झाली. मतदाराचा निवाडा या दोहोंहून वेगळा आहे. त्याने गुन्हा ठरवावयाचा नसतो. विश्वास ठेवावयाचा की नाही एवढेच ठरवावयाचे असते. मतपेटीतून निघालेला विजय हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, आणि पराभव ही शिक्षा नव्हे. एखाद्याला क्षमा करणे थोर आहे. पण काय घडले हे विसरून केलेली क्षमा ही क्षमा नसते, ती गैरसोय टाळण्याची युक्ती असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००२-०३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता आणि शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. ते कोणासही पाहता येते. २०१३ पासून दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराचे पद तत्काळ जाते. निलंगेकरांच्या काळात मतदाराजवळ वृत्तपत्राचे कात्रण आणि पारावरची चर्चा एवढेच साधन होते. आता शपथपत्र समोर आहे. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी घरातील थोरांनी ते मोठ्याने वाचावे, मुलांनी ऐकावे, आणि मग आपला माणूस कोण हे ठरवावे. आपला म्हणून त्याला मत देणे हा आपला हक्क आहे. आपला म्हणूनच त्याला जाब विचारणे हेही आपल्याकडेच येते.