वासाचा पुरावा

पंपावर गाडीत पेट्रोल भरताना नाकात जो वास शिरतो ना, त्यात बेंझीनही असतं. रक्ताचा कर्करोग करू शकणारं रसायन. हवेत सहज उडून जाणाऱ्या अशा सेंद्रिय रसायनांना व्हीओसी म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच मुंबईतल्या एका गावाची गोष्ट सांगतो.

चेंबूरजवळचं माहुल हे कोळ्यांचं जुनं गाव. 1954-55 मध्ये शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे रसायनांच्या साठवण टाक्याही आल्या. टाकी भरताना आतली वाफ बाहेर पडते, उन्हात तापली तरी पडते. लोक सांगायचे, वास येतो, डोळे चुरचुरतात. पण नुसता वास कागदावर मांडायचा कसा?

त्याची रीत आहे. निर्वात केलेल्या स्टीलच्या डब्यात किंवा शोषक भरलेल्या नळीत हवा धरायची आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर एकेक रसायन वेगळं करून मोजायचं. हवेच्या अभ्यासात आपला विदर्भही मागे नाही बरं का! 1958 मध्ये नागपुरात सुरू झालेल्या संस्थेनं, म्हणजे आजच्या नीरीनंच, मुंबईच्या हवेचा मोठा अभ्यास केला.

2009 मध्ये देशात बेंझीनची मर्यादा ठरली: वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. 2013 मध्ये केईएम रुग्णालयाच्या पाहणीत माहुल भागातल्या सुमारे 67 टक्के लोकांनी महिन्यात तीनहून जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. गावकरी हरित लवादाकडे गेले. 2015 मध्ये लवादानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. 2020 मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरपाईचा आदेश झाला. कोणी किती भरायचे, याच्या हिशेबात व्हीओसीचं उत्सर्जनच धरलं होतं.

म्हणजे पहिला कारखाना आला तेव्हापासून आदेशापर्यंत 66 वर्षं. एक अख्खी पिढी त्यात म्हातारी झाली.

सिंदी मेघेतूनही कधीमधी फोन येतो, "भाऊ, रात्री लय वास येते, बातमी लावा." मी विचारतो, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली का? बहुतेकदा उत्तर नाही असंच असतं. मोजणारं यंत्र आपल्या हातात नाही, पण वही तर आहे! आजपासून लिहा. ग्रामपंचायतीत, प्रदूषण मंडळात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आकडा मागायला आधी नोंद लागते.