पगारांतील वजावट

कोल्हापुरांत रंकाळ्याच्या वाटेवर शिवाजी पेठ आहे. तेथील एखाद्या शिक्षकाच्या घरीं पगाराचा कागद येतो, तेव्हां त्यावर दोन आंकडे असतात. एक ठरलेल्या पगाराचा, दुसरा हातीं पडणाऱ्या रकमेचा. मधल्या अंतरांत प्राप्तिकराची कपात असते. ही कपात किती व्हावी, यांत त्या शिक्षकाचा शब्द कितपत चालतो, हें आज पाहावयाचें आहे.

वेतनांतून राज्याचें येणें वळतें करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचें जें वर्णन आहे, त्यांत चाकराकडे शेती असल्यास तिचा आकार वेतनांतून वजा करून बाकीची वरात हुजुरांवर अगर महालावर द्यावी, असें सांगितलें आहे. देणारा व घेणारा एकच असल्यामुळें हिशेब कागदावरच मिटत असे.

१८५७ च्या उठावानें सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हां अर्थसदस्य जेम्स विल्सन यानें १८६० सालीं येथें प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नावर शेंकडा २ आणि त्यापुढें शेंकडा ४ असा दर होता. कायदा मंजूर झाल्यावर तीन आठवड्यांच्या आंतच विल्सन कलकत्त्यास वारला, आणि हा करहि १८६५ सालीं बंद पडला. व्यापाऱ्याचें उत्पन्न त्याच्या स्वतःच्या वहींत असतें. तें शोधून काढणें कठीण. नोकरदाराचें उत्पन्न मात्र दुसऱ्याच्या वहींत लिहिलेलें असतें. म्हणून १८८६ च्या कायद्यानें सरकारी पगार देतांनाच कर कापून घेण्याची व्यवस्था केली. वर्षाला २,००० रुपये व त्याहून अधिक पगार असणाऱ्यास रुपयामागें ५ पै पडत. म्हणजे दरमहा २०० रुपयांच्या कारकुनाचे ५ रुपये, ३ आणे, ४ पै हातीं येण्यापूर्वींच जात. पुढें १९२२ च्या कायद्यानें पगार देणाऱ्या प्रत्येकावर ही जबाबदारी टाकली. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्याच वर्षीं हा कायदा विलीन संस्थानांस लागू झाला.

मग नोकरदाराच्या हातीं उरलें काय? एक निवेदन. १९६१ च्या कायद्यानें त्याला मालकापाशीं गुंतवणूक, घरभाडें व कर्जाचें व्याज यांची माहिती देतां येऊं लागली. बँकेंतील व्याजासारखें इतर उत्पन्न कळवून त्यावरील करहि पगारांतूनच कापवून घेण्याची मुभा मिळाली. पण त्याच कायद्याचें माप दुहेरी होतें. अधिक कापलेला कर परत देतांना सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याज देई, आणि परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असल्यास तेंहि नाहीं. उलट, अगाऊ कर ठराविक प्रमाणाहून कमी भरला तर करदात्यावर महिन्याला एक टक्का बसे. २०२० सालीं जुनी व नवी अशा दोन पद्धतींतून निवड करण्याची सोय झाली; २०२३-२४ पासून मात्र नोकरदारानें कांहींच न कळविल्यास नव्या पद्धतीनेंच कपात होते.

तेव्हां मौन हीहि एक निवडच ठरते. पुष्कळ जण जादा कापलेल्या रकमेस बचत समजतात. वस्तुतः ती मुलांच्या फीच्या वेळीं कामास न येणारी, दुसऱ्याच्या पेटींतील बचत होय. कराचा दर कायदा ठरवील. परंतु त्या वहींत आपली खरी स्थिति वेळेवर लिहिली जावी, एवढें पाहणें आपलें काम आहे.