तिसऱ्या खिडकीची कुळकथा

पहूरच्या बसस्टँडजवळ ट्रकचा हॉर्न वाजला की सगळेच दचकतात. पण हॉर्नसरशी एखाद्याला समोरच्या दुकानाची पाटीच हलताना दिसली, तोल गेला, तर? त्यात ‘डोळे फिरवले की कानात खरखर ऐकू येते’ असं तो म्हणाला, तर घरचे आधी दृष्ट काढतील, मग ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणतील. अशी तक्रार सांगणाऱ्यांच्या दुखण्याला 1998 पर्यंत धड नावही नव्हतं.

त्याचा पहिला धागा मात्र कबुतरांपाशी सापडतो. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. इटलीचे संशोधक पिएत्रो तुल्यो यांनी कबुतराच्या अशा एका नळीच्या हाडाला छिद्र पाडलं आणि आवाज केला. पाखराची मान त्या नळीच्याच पातळीत वळली! हे प्रयोग 1929 साली ग्रंथरूपानं आले. आवाजानं येणाऱ्या घेरीला तुल्योंचं नाव मिळालं, पण अशी तक्रार सांगणाऱ्यांच्या कानातही तसंच छिद्र असेल, हे बराच काळ ध्यानात आलं नाही.

ते आलं तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असलेल्या डॉ. लॉइड मायनर यांच्या. मोठा आवाज ऐकवताच रुग्णांचे डोळे कसे सरकतात, हे त्यांनी नीट पाहिलं. डोळे वरच्या नळीच्या पातळीत हलत होते. सीटी स्कॅन केला, तर त्या नळीवरचं हाडच एका जागी नव्हतं. 1998 साली त्यांनी हे दुखणं मांडलं.

निरोगी आतल्या कानाला दोन खिडक्या. एकीतून आवाजाची लाट शिरते, दुसरी तिला वाट देते. हाड उघडं पडलं की तिसरी खिडकी होते. लाट तोलाच्या नळीत घुसते. उलट शरीरातले आवाज, नाडीचे ठोके, चावणं, स्वतःची पावलं, कानात मोठ्यानं घुमतात. घोट्याच्या हाडावर टेकवलेला ट्यूनिंग फोर्कसुद्धा काहींना कानात ऐकू येतो. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कानशिलाची 1000 हाडं तपासली, तेव्हा पाचांत असं छिद्र निघालं. छिद्र असूनही सगळ्यांना त्रास होत नाही. फार झाला तर शस्त्रक्रियेनं ते बुजवता येतं.

बहुतेक चकरांचं कारण वेगळं, साधं असतं. पण कुणी डोळ्यांचा आवाज ऐकू येतो म्हणालं, तर हसू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे कानाच्या डॉक्टरांना सांगा आणि कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन लागेल का, हे विचारा.