बीपीच्या गोळीची गाऱ्हाणी

‘गोळी उष्ण पडली’, ‘पायावर सूज आली’, ‘खोकला हटेना’, ‘उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते’. नांदेड-लातूरकडं रक्तदाबाच्या गोळीबद्दलची ही वाक्यं नवी नाहीत. ती शेजारणीला सांगितली जातात, पाव्हण्यांना सांगितली जातात, मेडिकलवाल्यालाही सांगितली जातात. ज्यानं गोळी लिहून दिली त्या डॉक्टरपर्यंत मात्र पुष्कळदा पोचत नाहीत. मग एक दिवस गोळ्यांचं पाकीट फडताळात मागं सरकवलं जातं. त्रास थांबतो आणि माणूस म्हणतो, ‘आता बरं वाटतंय.’ वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, त्यामुळं तो परत चढलेला कळतही नाही.

या गाऱ्हाण्यांना अडाणीपणा म्हणून उडवून लावण्याची पद्धत आहे. रक्तदाबाच्या औषधांचा इतिहास पाहिला तर ती पद्धत चुकीची ठरते. त्या इतिहासाचं एक मोठं प्रकरण मुंबईत घडलं आहे.

आधी औषध नव्हतं तेव्हाची गोष्ट. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाच्या डॉक्टरांकडंही तो धडपणे उतरवणारी गोळी नव्हती.

हिंदुस्थानात मात्र एका मुळीवर काम सुरू झालं होतं. सर्पगंधेची ही मुळी वेडावर आणि सर्पदंशावर लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून काही द्रव्यं वेगळी काढली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून सुटला. पुढच्याच वर्षी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरच्या सर्पगंधेच्या चाचणीचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. लेख दूरवर वाचला गेला. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव रेसर्पिन. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता गाऱ्हाणी सुरू झाली. नाक चोंदतं, सारखी झोप येते, अंगात त्राण राहत नाही. काही जण उदास होऊन बसले. वॉशिंग्टनचे डॉक्टर एडवर्ड फ्राइस यांनी ती ऐकून घेतली. मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्या रुग्णांना नैराश्य येतं, असं त्यांनी १९५४ मध्ये छापून सांगितलं.

कारण पुढं उलगडलं. मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायनांचा साठा असतो आणि रेसर्पिन तो रिकामा करतं. रक्तवाहिन्यांना आवळणारा निरोप त्यामुळं पोचत नाही, त्या सैल पडतात आणि दाब उतरतो. नाकातल्या रक्तवाहिन्या सैल पडल्या की नाक चोंदतं. मेंदूतला साठा आटला की माणूस मंदावतो. गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं, तर ससे उठून बसले. कंपवातावरच्या आजच्या उपचाराची वाट या प्रयोगातून निघाली. रेसर्पिननं खरोखर नैराश्य येतं का, यावर पुढं बराच वाद झाला. पण रुग्णांची तक्रार कुणी नोंदवली नसती तर तो वादही झाला नसता.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू. हेच फ्राइस १९६७ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाचे प्रमुख होते. फार चढलेला रक्तदाब असलेले १४३ पुरुष त्यात होते. ७३ जणांना खऱ्या गोळ्या मिळाल्या आणि त्यांत रेसर्पिनही होतं. ७० जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. औषध नसलेल्यांपैकी २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषध घेणाऱ्यांपैकी फक्त दोघांना. ज्या माणसानं औषधाचा त्रास जगाला सांगितला, त्यानंच ते औषध जीव वाचवतं हेही सिद्ध केलं. त्याला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही.

आजच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्यांवर सूज येते, कारण ती लहान धमन्या सैल करते आणि पाणी पायांच्या पेशींभोवती झिरपतं. ही सूज म्हणजे मूत्रपिंड बिघडलं असं नव्हे. मात्रा कमी केली किंवा टेल्मिसार्टनसारखी जोडीची गोळी दिली तर ती बऱ्याचदा ओसरते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांच्या कुळाचा उगम ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरच्या संशोधनात आहे. दाब उतरवताना त्या ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साचू देतात, आणि काहींना कोरडी ढास लागते. अशांना टेल्मिसार्टनच्या कुळातली गोळी बदलून देता येते. ओठ-जीभ सुजली तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठायचा.

लघवी वाढवणाऱ्या गोळीचा विचार तर आपल्या भागात ऋतू पाहून करावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हाळ्यात रानात राबणाऱ्या माणसाला घामानं आणि गोळीनं मिळून सोडियम-पोटॅशियम कमी पडू शकतं. पायांत गोळे येतात, चक्कर येते आणि म्हातारं माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागतं. त्यावर उपाय म्हणजे रक्ततपासणी आणि डॉक्टरांकडून मात्रेचा फेरविचार. मनानं गोळी सोडणं हा नव्हे. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी तर एकाएकी बंद केली, तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत कळ येऊ शकते.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. ओपीडीत रांग दारापर्यंत गेलेली असते, सासूसोबत आलेली सून डॉक्टरांपुढं बोलायला संकोचते आणि ‘गोळी चालू ठेवा’ एवढ्यावर भेट संपते. तिथं ‘गोळीनं काही त्रास होतो का?’ हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो विचारला जात नाही, म्हणून त्रासाचं उत्तर शेजारी शोधलं जातं. मग घरातलं कमावतं माणूस लकव्यानं अंथरुणाला खिळलं, की त्याची गोळी सहा महिन्यांपूर्वीच बंद होती हे कळतं. पायावरची सूज डॉक्टरांना वेळेवर दाखवली असती, तर कदाचित फक्त गोळी बदलावी लागली असती.